जयदेव मास्तरांचा मूतखडा

जयदेव मास्तरांना जन्मात कधी मूतखडा झाला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांची प्रकृती ठणठणीत होती. असं असतानाही एका आठवड्यात त्यांच्या खोलीत कुळथाच्या कढणाची पातेली, पानफुटीची पानं आणि केळीच्या खुंटाचा रस भरलेली बाटली येऊन पडली, त्याला कारण त्यांचा पुतण्या दिपेश.

मास्तर कोपरखैरणे गावठाणात थोरल्या भावाच्या इमारतीत तळमजल्यावर राहत. वर भाऊ कमळाकर, वहिनी विमलबाई, त्यांचा एकुलता एक दिपेश आणि सून नमिता. मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. पण पालिकेच्या शाळेत पहिलीचा वर्ग जन्मभर सांभाळलेल्या माणसाला मूलबाळ नाही असं कुणी म्हणायची हिंमत करत नसे. बाजारात निघाले की मिशा फुटलेली पोरं हातातली सिगारेट मागे लपवत.

दिपेश महाप्याच्या एका कंपनीत कामाला होता. एका संध्याकाळी तो वर न जाता थेट काकांच्या खोलीत आला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "काका, माझा रिपोर्ट आला. निल."

"शाब्बास!" मास्तर म्हणाले. "माझाही गेल्या महिन्यात साखरेचा निल आला होता."

"काका, साखरेचा नाय तो."

"मग? कशाचाही असो. निल म्हणजे निल. उत्तम!"

दिपेश कॅलेंडरवरच्या गणपतीकडे आणखी बारकाईने बघायला लागला. मास्तर गप्प बसले. पहिलीच्या मुलाला वाक्य अडलं की आपण ते पुरं करून द्यायचं नसतं, थांबायचं असतं, ही त्यांची जुनी शिस्त. बऱ्याच वेळाने ते वाक्य तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. सगळे नमिताकडे बघत होते. आणि तपासणीत दोष निघाला दिपेशचा. वीर्यात शुक्राणू शून्य. निल.

मास्तरांना आपल्या "शाब्बास"ची इतकी लाज वाटली की ते उठून उगाच पाणी प्यायले.

"इलाज?"

"हाय. छोटं ऑपरेशन. बाहेर येत नसले तरी आत थोडे असू शकतात, म्हणून आतूनच काढून बघतात. मिळाले तर नमिताच्या स्त्रीबीजाशी लॅबमध्ये जुळवतात. नाय मिळाले तर..." त्याने कॅलेंडरचं पान सारखं केलं. "फिफ्टी-फिफ्टी बोललेत डॉक्टर."

"मग करायचं. अडचण काय?"

अडचण अशी होती की नमिताची स्त्रीबीजं काढणं आणि दिपेशचं ऑपरेशन एकाच सकाळी. दोघांनाही भूल. म्हणजे दोघंही पेशंट, आणि सोबतीला तिसरं माणूस हवं, नाहीतर घरी सोडणार नाहीत.

"दादाला सांग," मास्तर म्हणाले.

"बाबांना? बाबा आधी ओरडतील, मग रडतील आणि मग नाक्यावर जाऊन सगळ्यांना सांगतील की रडलो नाही म्हणून." दिपेश खुर्चीत बसला. "आणि आई तर नमिताला सोमवार करायला लावते. तिला कसं सांगू, सोमवार चुकीच्या माणसाने धरलाय?"

आता प्रश्न उरला कारणाचा. नमिता खाली आली आणि तिघांची बैठक बसली. दिपेशने सुचवलं की त्याला मूतखडा झालाय असं सांगू. दुखणं साधारण त्याच मुलखातलं आणि गावात दर तिसऱ्या माणसाला होतंच, त्यामुळे प्रतिष्ठित.

"आणि मी का वाकून चालत येणार?" नमिताने विचारलं.

"तुलापन मूतखडा."

"दोघांना एकाच दिवशी?" मास्तरांनी मान हलवली. "अरे, उद्या गावातले लोक पाणी तपासा म्हणून पालिकेवर मोर्चा नेतील."

मास्तरांनी जन्मभर मुलांना खोटं बोलू नये असं शिकवलं होतं. त्यांनी नमिताकडे बघितलं. पाच वर्षं ही पोर लोकांची बोलणी ऐकत होती, आणि रिपोर्ट आल्यावरसुद्धा तिने तोंड उघडलं नव्हतं.

"खडा मला होऊ दे," मास्तर म्हणाले. "तुम्ही दोघं माझ्या सोबतीला चला."

कुठलीही गोष्ट पाठटाचण काढल्याशिवाय करायची नाही हा मास्तरांचा नियम. याही पाठाची त्यांनी तयारी केली. कळ कुठे येते, किती येते, ऑपरेशन कुठे, दिवस कुठला. पण नवशिक्या शिक्षकासारखं त्यांचंही झालं. सगळी तयारी केली आणि मुलं कुठला प्रश्न विचारतील तेवढंच विसरले.

प्रश्न विचारला शेजारच्या सितारामने. सिताराम हे मूतखड्यातलं मोठं प्रस्थ. त्याला तीनदा खडे झाले होते आणि ते तिन्ही त्याने साबुदाण्याच्या गोळ्यांच्या बाटलीत घालून शोकेसमध्ये ठेवले होते. पाहुण्यांना चहाआधी ते दाखवत असे.

"मास्तर, केवढा हाय?"

मास्तर गडबडले. आकडा ठरला नव्हता. "साडेतीन," ते म्हणाले, आणि अर्धवट उत्तराला गुण नसतात हे आठवून पुढे जोडलं, "सेंटिमीटर."

"सेंटिमीटर?" सितारामचे डोळे बाहेर आले. "मास्तर, यो खडा नाय, यो बटाटा हाय!"

ज्याने आयुष्यभर मुलांना मिलिमीटर आणि सेंटिमीटर यांतला फरक शिकवला, त्याची ही गत. पण शब्द गेला होता. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं की मास्तरांच्या पोटात बटाट्याएवढा खडा आहे आणि ते तरीही हसतमुख आहेत. त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. कढणंही वाढली. टोमॅटो बंद, वांगं बंद, पालक बंद. मास्तरांचा जीव वांग्यावर. ते रोज सकाळ-संध्याकाळ कुळीथ पीत आणि मनात म्हणत, दिप्या, तुझ्यासाठी.

कमळाकर येऊन बसला. "जयदेव, कवापासून दुकतंय? मना बोलला का नाय?"

"दादा, तुला कशाला त्रास."

"तरास? भाव हायस ना तू माजा!" आणि दादाचे डोळे भरून आले. मास्तरांच्या पोटात प्रथमच खरोखर कळ आली.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे विमलबाई खाली आल्या. पेशंटच्या पोटात पाण्याचा थेंब जाता कामा नये, हे त्यांना पाठ होतं. म्हणून त्यांनी मास्तरांच्या खोलीतला पाण्याचा तांब्या उचलला. मग दिपेश-नमितासाठी ताटं आणली. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील आणि वांग्याची भाजी.

"तुमी दोगां दिवसभर धावनार. पोटभर खावा. मी रिक्षा बघते, तवर ताट सफा पायजे."

त्या बाहेर गेल्या. आत तिघं ताटांकडे बघत राहिले. ज्यांनी खायचं नव्हतं त्यांच्यापुढे जेवण होतं आणि ज्याने खाल्लं तर चालणार होतं त्याच्यापुढून तांब्यासुद्धा गेला होता.

"काका," नमिता हळूच म्हणाली, "तुम्हीच..."

मास्तरांनी वांग्याकडे बघितलं. धर्मसंकट म्हणतात ते हेच, फक्त ते इतकं रुचकर असतं हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यांनी दाराआड बसून दोन्ही ताटं संपवली. विमलबाई परत आल्या तेव्हा ताटं लखलखीत होती. मास्तर डोळे मिटून, उपाशी माणसाने बसावं तसे बसले होते. विमलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मास्तरांच्या पांढऱ्या मिशीला वांग्याच्या रश्श्याचा लालसर काठ लागला होता. त्यांनी ताटं उचलली. रिक्षात बसताना सितारामने मास्तरांना धीर दिला, तेव्हा मास्तरांना नेमकी ढेकर आली.

"गॅस," सिताराम म्हणाला. "खडा वर सरकतोय."

नेरूळच्या त्या सेंटरमध्ये भिंतीभर गुबगुबीत बाळांचे फोटो होते आणि खाली गप्प बसलेली जोडपी. रिसेप्शनवरच्या मुलीने मास्तरांना विचारलं, "सर, मॅडम कुठे आहेत?"

"कोण मॅडम?"

"तुमच्या मिसेस. फाईल कुणाच्या नावाने आहे?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. समोरच्या बाकावरच्या तरुण जोडप्याने त्यांच्याकडे मोठ्या आशेने बघितलं. या वयात हे गृहस्थ आलेत, म्हणजे आपल्याला अजून पुष्कळ वेळ आहे, असा तो दृष्टिक्षेप होता. मास्तरांनी तो अपमान गिळला. त्यातून त्या दोघांना बरं वाटत असेल तर वाटू दे.

डॉक्टर राजश्री बाहेर आल्या. मास्तरांनी आपल्याला सगळं नीट समजावून सांगा अशी विनंती केली. डॉक्टरांनी सांगितलं आणि मास्तरांनी पडताळा घेतला.

"म्हणजे असं का? शाळेच्या फाटकातून एकही पोर बाहेर येत नाही. पण म्हणून शाळा रिकामी आहे असं नाही. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या वर्गात चार पोरं बसलेली असू शकतात. तुम्ही आत जाऊन वर्ग-वर्ग उघडून बघणार."

"अगदी बरोबर," डॉक्टर हसल्या. "सूक्ष्मदर्शक लावून. आणि काही शाळा खरंच रिकाम्या निघतात, सर. ते आधी कळत नाही."

"तसं निघालं तर?"

"तर नमिताची बीजं आम्ही जपून ठेवू आणि पुढचा विचार करू. पण दिपेशला ते सांगणं सोपं नसेल."

दोघांना आत नेलं. जाताना दिपेशने मागे वळून बघितलं. शाळेच्या पहिल्या दिवशी आईचा हात सोडताना त्याने असंच बघितलं होतं, आणि मास्तरांनी तेव्हा केलं होतं तेच आता केलं. हात हलवला नाही, फक्त मान डोलावली. जा. मी इथेच आहे.

मग ते बाळांच्या फोटोंखाली बसून राहिले. समोरच्या जोडप्यातल्या मुलाला त्यांनी शुक्राणू म्हणजे काय ते शाळेचं उदाहरण देऊन समजावलं. त्याच्या बायकोने डबा उघडून त्यांना लाडू दिला. मास्तरांनी तो खाल्ला. आता पोटात भाकऱ्या होत्या, बोंबील होते, वांगी होती, लाडू होता, आणि त्या सगळ्याच्या वर एक मोठी भीती होती.

दुपारी दोघं बाहेर आली. नमिता पोटावर हात धरून, दिपेश पाय फाकवून, होडीत उभं राहिल्यासारखा.

"काय म्हणाले?" मास्तरांनी विचारलं.

"लॅबमध्ये शोधतायत. अजून काय नाय मिळालं. संध्याकाळपर्यंत फोन करतील. मी तुमचा नंबर दिलाय." दिपेशने खाली बघितलं. "माझ्यावर आला तर मी उचलूच शकणार नाय, काका."

घराखाली कमळाकर उभा होता. त्याच्याबरोबर खुर्ची होती आणि खुर्चीला लावायला दोन बांबू. विमलबाईंनी ठरवलं होतं की खालच्या खोलीत मास्तर एकटे पडतील, तेव्हा त्यांना वर दिपेशच्या खोलीत निजवायचं. तिथे एसी होता आणि मोठा पलंग होता.

"बस खुर्चीत, जयदेव. दिपेश, तू मागून धर. सिताराम, तू पुढं."

दिपेश पांढरा पडला. त्याने जरा वाकून बघितलं आणि तोंडातून बारीक आवाज निघाला. मास्तर रिक्षातून उतरले, धोतराचा सोगा धरला आणि कुणाला काही कळायच्या आत धावत जिना चढून गेले.

सगळे वर बघत राहिले.

"भूल हाय अजून," सितारामने खुलासा केला. "मानूस पळतो. मी तिसऱ्या वेळेला रिसेप्शनपर्यंत गेलेलो."

आणि मग सुरू झाली खरी परीक्षा. निरोगी माणूस पलंगावर निजला होता आणि ज्यांना निजायला हवं ती दोघं उभी होती. माणसं यायला लागली. शेजारच्या पुतळाबाई आल्या, त्यांच्याबरोबर आणखी दोघी आल्या. "नमिता, चाय टाक गो!"

"नमिता," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले, "तू इथे बस. माझ्या पायाशी. पाय दुखतात."

नमिता पलंगाच्या कडेला बसली आणि मास्तरांच्या पायावर हात ठेवून डोळे मिटून राहिली.

"दिपेश, तूही बस. दुसरा पाय."

"पाय दाबतात बघ सून आणि पुतन्या," पुतळाबाई म्हणाल्या. "आमच्या घरी पोरं चप्पल आणून देत नाय."

दोघंही पाय दाबत नव्हती. दोघांनी एकेका पायाला धरून ठेवलं होतं, एवढंच. चहा शेवटी विमलबाईच करत होत्या. त्या मधूनमधून दारात येत, तिघांकडे बघत आणि परत जात.

सिताराम खुर्ची पुढे ओढून बसला. "मास्तर, खडा दावा."

"नाही दिला. लॅबला पाठवलाय."

"कशाला?"

मास्तर थकले होते. खोटं बोलायची त्यांची शक्ती संपत आली होती, म्हणून खरंच तोंडून निघालं. "शोधतायत."

"शोधतायत? बटाट्याएवढा खडा शोधाला लागतो?"

"फोडला त्यांनी. चुरा झाला. त्यात... शोधतायत."

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांना डाव्या कानाने कमी ऐकू येई, म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर बोलायचा. तो बंद कसा करायचा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दिपेशचा हात त्यांच्या पायावर घट्ट आवळला गेला.

"जयदेव सर ना? लॅबमधून मनस्वी बोलतेय." आवाज खोलीभर घुमला. "सापडले, सर!"

कुणी श्वास घेतला नाही. निदान तिघांनी तरी नाही.

"सकाळपासून बघतोय. पहिल्या बाजूला काहीच नव्हतं. दुसऱ्या बाजूच्या नमुन्यात सापडले. थोडेच आहेत, पण आपल्याला पुरतील. आणि सर," त्या मुलीला आपला आनंद आवरत नव्हता, "छान हलतायत!"

फोन बंद झाला.

"हलतायत?" सिताराम म्हणाला.

"दुसरी बाजू?" कमळाकर म्हणाला. "म्हंजे दोनी किडन्या?"

"मास्तर," सितारामचा आवाज चिरकला, "तुमचं खडं हलतायत?"

पुतळाबाईंनी हात जोडले. कोणाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि दिपेशने मास्तरांच्या पायावर कपाळ टेकलं, ते वर उचललंच नाही. त्याचे खांदे हलत होते. नमिताने दुसऱ्या पायावरचा हात काढून त्याच्या पाठीवर ठेवला आणि तिचा दुसरा हात पोटावरून सुटला नव्हता.

"काकावर जीव किती बग पोराचा," कुणीतरी हळहळलं.

विमलबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी दिपेशच्या फाकलेल्या पायांकडे बघितलं. नमिताच्या पोटावरच्या हाताकडे बघितलं. मग मास्तरांच्या मिशीकडे बघितलं. सकाळपासून ज्या गोष्टींचा हिशेब जुळत नव्हता, त्या एकमेकांशेजारी जाऊन बसल्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"चला, उठा समदी. पेशंटला निजू द्या."

"पन वयनी, हलनारा खडा मी जन्मात—" सिताराम म्हणाला.

"सितारामभाव, तुमी घरी जावा आनि बाटलीतलं बघा. तुमचंपन हलत असतील."

सिताराम खरंच घाईने गेला. मागोमाग बाकीच्याही गेल्या.

"तुमी शहाळी आना," विमलबाई नवऱ्याला म्हणाल्या. "दोन."

"जयदेव दोन पिईल?"

"भावजींना येकपन नको."

"मग दोन कोनाला?"

"आना सांगितलं ना. बेगीन."

कमळाकर डोकं खाजवत जिना उतरला. विमलबाईंनी दार लावलं. मग वळल्या.

"भावजी, उठा."

मास्तर उठले. पहिलीतल्या पोरासारखे, चोरी पकडली गेल्यावर उठतात तसे. विमलबाईंनी चादर झटकली, उशा सारख्या केल्या, नमिताला खांद्याला धरून निजवलं आणि दिपेशला दुसऱ्या बाजूला. त्याने "आई" म्हटलं, तर म्हणाल्या, "गप पड." मग त्या नमिताच्या पायाशी बसल्या आणि तिची पावलं मांडीवर घेऊन दाबायला लागल्या.

नमिताने दचकून पाय आखडले. "आई, नको. तुम्ही नको."

"राहू दे गो." विमलबाईंनी पावलं परत ओढून घेतली. "सोमवार सोड आता. पोटाला खा." थोड्या वेळाने, पावलांकडेच बघत म्हणाल्या, "पाच वरसं मना येका शब्दानं बोलली नायस."

नमिताने तोंडावर हात ठेवला. दिपेश छताकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं.

मास्तर दाराशी जाऊन घुटमळले. वर्ग सुटल्यावर शिक्षकाने रेंगाळू नये, हे त्यांना कळत होतं, पण एक प्रश्न राहिला होता.

"वहिनी, दादाला काय सांगायचं?"

विमलबाईंनी विचार केला. हात चालूच होते.

"खरा हाय ता मी सांगते. पन उद्या सकाली, चाय दिल्यावर. आज त्यांना झोपू द्या." मग त्यांनी मान वर करून दिराकडे बघितलं, आणि आज पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. "आजचा दिवस तुमी आजारीच ऱ्हावा, भावजी. फकस्त खाली जाऊन ऱ्हावा."